सुगंध वाढवा, तेल नव्हे!

दिवाळी जवळ आली की क्रांती चौकातून पैठण गेटकडे जाताना पणत्या, आकाशकंदील आणि रांगोळीच्या शेजारी हल्ली सुगंधी मेणबत्त्याही मांडलेल्या दिसतात. काचेच्या पेल्यात ओतलेल्या, रंगीत, मोगऱ्याच्या नाही तर गुलाबाच्या वासाच्या. यातील कित्येक मेणबत्त्या गृहिणींनी घरच्या गॅसवर तयार केलेल्या असतात. घरबसल्या चार पैसे मिळवून देणारा हा उद्योग चांगलाच आहे. पण त्याचा आरोग्याशी असलेला संबंध फारसा कोणी सांगत नाही.

मेणबत्त्या करणारी एक ताई मागे दवाखान्यात आली होती. स्वतःसाठी नव्हे, सात वर्षांच्या मुलासाठी. मुलाला दमा आधीपासूनच होता. पण दिवाळीपूर्वीचे पंधरा दिवस रोज रात्री खोकल्याची उबळ येत होती. घर दोन खोल्यांचे. मेण स्वयंपाकघरात वितळायचे आणि मुलगा शेजारच्याच खोलीत झोपायचा. "सुगंधी तेल किती घालता?" मी विचारले. ती म्हणाली, "डॉक्टर, आधी बेतानंच घालत होते. पण गिऱ्हाईक हातात घेतं, हुंगतं आणि म्हणतं, वासच येत नाही. मग वाढवत गेले. आता नजरेनंच ओतते."

वाचकहो, खरी चूक इथेच आहे. मेण हे ठरावीक प्रमाणातच तेल धरून ठेवते. साधारणपणे १०० ग्रॅम मेणाला ६ ते १० ग्रॅम सुगंधी तेल पुरते. त्याहून जास्त घातले तर मेणबत्तीला घाम फुटल्यासारखे तेलाचे थेंब वर येतात, वात तुंबते, ज्योत धुरकटते किंवा एकदम उफाळते. म्हणजे तेलाचे पैसे गेले, सुगंध वाढला नाही आणि काजळी मात्र घरात आली. अति तेथे माती!

मग सुगंध वाढवायचा कसा? पहिली गोष्ट, तेल नजरेने नव्हे, वजनाने घ्यावे. दुसरी, मेण उकळत्या पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवावे, थेट आचेवर नव्हे. मेणाच्या जातीनुसार ७० ते ८५ अंश सेल्सियसच्या दरम्यान तेल घालून दोन मिनिटे सावकाश ढवळावे. यासाठी स्वयंपाकाचा थर्मामीटर मिळतो. ताप मोजायचा येथे वापरू नये, तो फुटेल. मेण फार तापलेले असेल तर सुगंध तेव्हाच उडून जातो. लक्षात ठेवा, ओतताना जो वास घरभर घमघमतो, तो मेणबत्तीतून वजा झालेला असतो. तो गिऱ्हाइकाला मिळत नाही, तुमच्या लेकराच्या छातीत जातो.

तिसरी गोष्ट वात. पेला रुंद आणि वात बारीक असली तर मेण कडेपर्यंत वितळत नाही आणि वास कोंडून राहतो. वात फार जाड असली तर धूर होतो. वात सुती असावी. शिशाची तार असलेल्या वातींवर अमेरिकेने २००३ मध्ये बंदी घातली, कारण जळताना शिसे हवेत मिसळते. पेटवण्यापूर्वी वात कापून अर्धा सेंटिमीटरच ठेवावी. चौथी आणि सर्वांत स्वस्त युक्ती म्हणजे धीर. मेणबत्ती झाकून ठेवावी. साधे मेण असेल तर तीन-चार दिवस, सोयाबीनचे मेण असेल तर आठ ते पंधरा दिवस. सुगंध मेणात मुरतो. लोणचे घातल्या दिवशी कोणी वाढत नाही, तसेच हे!

गुलाबपाणी मेणात मिसळत नाही. अंगावर फवारायचे सेंट तर मुळीच घालू नये. त्यातील अल्कोहोल पेट घेते. मेणाने पेट घेतलाच तर पाणी ओतू नका, भडका उडेल. गॅस बंद करून भांड्यावर झाकण ठेवा.

आणखी एक गोष्ट नाकाची. एकाच वासात काही मिनिटे बसले की नाक तो वास टिपणे सोडून देते. दिवसभर मोगऱ्याच्या तेलात काम करणाऱ्या बाईला मोगरा कमीच वाटणार. कोरोनानंतर काहींचे नाक पूर्वीसारखे राहिलेलेही नाही. तेव्हा वास पुरेसा आहे की नाही, हे बाहेरून आलेल्या माणसाला विचारावे.

सुगंध नैसर्गिक असला म्हणजे निर्धोक, हाही समज सोडावा. संत्र्याच्या सालीतील लिमोनीन हवेतील ओझोनशी संयोग पावून फॉर्माल्डिहाइड तयार होते. त्याचे प्रमाण अल्प असते आणि खिडकी उघडी असेल तर घाबरण्याचे कारण नाही. पण बंद खोलीत, दमेकरी, तान्हे मूल किंवा गरोदर स्त्री असलेल्या घरी सुगंधी मेणबत्ती तासन् तास जाळू नये. हाच नियम उदबत्ती आणि धुपालाही लावावा. त्यांचा धूर तर अधिकच असतो.

माझे स्पष्ट मत असे, की मेणबत्तीचे वर्ग चालवणाऱ्यांनी साचे आणि रंग शिकवण्याआधी खिडकी उघडायला आणि तेल तोलायला शिकवावे. आणि आपण गिऱ्हाइकांनीही थोडे शहाणे व्हावे. थंड मेणबत्ती हुंगून "वास नाही" म्हणणे सोपे आहे. पण त्या एका वाक्याने कोणाच्या तरी स्वयंपाकघरात तेलाची आणखी एक धार ओतली जाते.

त्या ताईने काटा घेतला, काम गच्चीवर नेले आणि मेणबत्त्या आठ दिवस आधी करून ठेवू लागली. मुलाचा दमा गेला नाही, तो असा जातही नसतो; त्याची औषधे चालूच आहेत. पण रात्रीचा खोकला उतरला. आणि मेणबत्त्यांचा वास? ती सांगते, आता गिऱ्हाईक तक्रार करत नाही!