झाडपाल्याचं त आहे!

मंडळी, या वीकेंडला जरा कडू विषय. "याचे काही साइड इफेक्ट नाहीत" हे वाक्य आपल्याकडे अगदी बिनधास्त बोललं जातं. माझं स्पष्ट मत असं की ज्या घरात कुणाची केमो चालू आहे तिथे या वाक्याला बंदी असावी.

आमचं गाव धनज, कारंजा तालुका, जिल्हा वाशिम. तिथे आमच्या मोठ्या आईची (वडलांच्या थोरल्या वहिनीची) केमो चालू होती. तिसऱ्या सायकलच्या आधी रक्त तपासलं तर एसजीपीटी नॉर्मलच्या सहापट. सायकल पुढे ढकलली. डॉक्टरांनी विचारलं, आणखी काही घेता का? सगळे गप्प! बाहेर आल्यावर कळलं की गुळवेलीचा काढा, कुणा वैद्याच्या पुड्या आणि अंगदुखीच्या गोळ्या असं सगळंच चालू होतं. सांगितलं का नाही म्हणून विचारलं तर मोठे बाबा म्हणतात, "झाडपाल्याचं त आहे, त्याच्यानं काय होते?"

काय होते ते मुंबईच्या डॉक्टरांनी लिहून ठेवलंय. कोविडच्या काळात, सप्टेंबर ते डिसेंबर 2020 मध्ये, गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं डॉ. आभा नागरल आणि सहकाऱ्यांनी 2021 साली प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की वनस्पतीची ओळखच नीट पटवलेली नाही, गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल असू शकते. पुढे 2022 मध्ये देशातल्या 13 केंद्रांतल्या 43 रुग्णांचा अभ्यास आला. आता मला सांगा, मंत्रालयाचं म्हणणं खरं धरलं तरी आपल्या पातेल्यात कुठली वेल उकळतेय हे आपल्याला कसं कळणार? उलट भीती वाढलीच की!

बरं, ॲलोपॅथीच्या गोळ्या तरी कुठे साध्या आहेत. यकृत म्हणजे शरीरातला प्रोसेसर, पोटात जाणारी बहुतेक औषधं त्याच्याकडूनच जातात. पॅरासिटामॉलचा थोडा भाग तिथे विषारी पदार्थात बदलतो. ग्लुटाथिओन नावाचा रेणू त्याला निष्प्रभ करतो, पण डोस फार झाला की त्याचा साठा संपतो आणि पेशी मरायला लागतात. सर्दीच्या कित्येक गोळ्यांमध्ये हेच पॅरासिटामॉल असतं, त्यामुळे दोन वेगळ्या ब्रँडच्या गोळ्या म्हणजे नकळत डबल डोस. केमोत मेथोट्रेक्सेट आणि मर्कॅप्टोप्युरीन एसजीपीटी वाढवतात, ऑक्झॅलिप्लॅटिन यकृतातल्या बारीक रक्तवाहिन्यांना त्रास देतं. टीबीच्या नेहमीच्या चार औषधांपैकी तीन यकृताला जड. डॉक्टरांना हे सगळं ठाऊक असतं, म्हणूनच तर दर वेळी रक्त काढतात.

खरी गोची पुढे आहे. कोड लिहिणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे की एकाच वेळी चार बदल केले आणि सिस्टिम पडली तर दोष कुणाचा ते कळत नाही. त्यातले तीन बदल लपवून ठेवले असतील तर बिचारा चौथाच अडकतो! इथे तो चौथा म्हणजे केमो. डोस कमी होतो, तारीख पुढे जाते, औषध बदललं जातं. म्हणजे कॅन्सरवर चालणारं एकमेव हत्यार काढ्यापायी म्यान करायचं. मोठ्या आईचे रिपोर्ट तीन आठवड्यांनी खाली आले, पण गुन्हेगार काढा, पुड्या, गोळ्या की केमो, हे आजही कुणी सांगू शकत नाही.

लोक लपवतात कारण बोलणी बसतात, हेही खरंच. तेव्हा डॉक्टरांनीही न ओरडता "काढा कुठला घेता?" असंच थेट विचारावं. "अजून काही?" म्हटलं की आपली माणसं काढा मोजतच नाहीत, त्यांच्या लेखी तो औषध नसतोच.

आणि आपण? पुण्यात बसून इम्युनिटीची पावडर ऑनलाइन मागवून गावी पाठवणारे आपणच ना? या वेळी गावी गेलात की देवघराजवळची औषधांची पिशवी रिकामी करा आणि सगळ्याचे मोबाइलवर फोटो काढा : स्ट्रिप, बाटली, नाव नसलेली पुडीसुद्धा. केमोची गोळी मात्र स्वतःच्या डोक्याने बंद करू नका. डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज किंवा जेवण नकोसं, यातलं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी फोन करा, आणि फोटो हाताशी ठेवा.