ग्रंथपालाला वर्गात जागा द्या

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेली, जुळी कोकरे देण्यासाठी ओळखली जाणारी ‘नारी सुवर्णा’ मेंढी हा इथल्या विज्ञानाच्या विद्यार्थ्याला प्रकल्पासाठी हाताशी असलेला विषय. मोबाइलवर नाव टाकले की ढीगभर मजकूर समोर येतो. पण त्यातले संस्थेने स्वतः लिहिलेले कोणते, तिऱ्हाइताने तपासलेले कोणते, आकडा कोणत्या वर्षाचा, हे विचारायला त्याला सहसा कोणी शिकवलेले नसते. माहिती साक्षरता म्हणतात ती हीच. पदवीच्या पहिल्याच वर्षी ती श्रेयांकासह शिकवावी आणि तिची धुरा ग्रंथपालाकडे द्यावी.

बहुतेक महाविद्यालयांत वर्षारंभी ग्रंथालयाची तासाभर ओळख करून दिली की विषय संपतो. एका तासात सवय लागत नाही, शोधाचे शिक्षण विषयाच्या प्रकल्पाला जोडले तरच मुरते, असे ग्रंथपाल इथेही सांगतात आणि परदेशातही. यूजीसीला हे पटले, पण फार वरच्या पायरीवर. २०१९ च्या निर्णयानुसार पीएच.डी.साठी संशोधन आणि प्रकाशन नीतीचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम सक्तीचा झाला. मात्र पदवीची तीन-चार वर्षे उतारे जोडून प्रकल्प करणाऱ्याची सवय तोवर पक्की झालेली असते. २०१८ च्या वाङ्मयचौर्यविरोधी नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. नुसती ही मर्यादाच सांगितली, तर मूल शब्द फिरवून टक्का उतरवायला शिकेल. मूळ लेखकाला श्रेय का द्यायचे, हे त्याला कळणार नाही.

मुलांना मोबाइल आपल्यापेक्षा चांगला कळतो, हा पहिला आक्षेप. पण यंत्र चालवता येणे वेगळे आणि मजकूर पारखता येणे वेगळे. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या मुरलेल्या वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले खटले न्यायालयात दाखले म्हणून दिले आणि दंड भरला. तिथे अठरा वर्षांच्या मुलाने आपसूक सावध असावे, ही अपेक्षाच चुकीची आहे. शिकवणे हे प्राध्यापकांचे काम, असेही म्हटले जाते. पण यूजीसीच्या नियमांत महाविद्यालयीन ग्रंथपालाची सुरुवातीची वेतनश्रेणी सहायक प्राध्यापकाइतकीच आहे, आणि नेट-सेटची अटही आहे. विषय प्राध्यापकाने द्यावा, शोधाची आणि पारखीची रीत ग्रंथपालाने शिकवावी. सगळी साधने इंग्रजीत, ही अडचण खरी. पण वाईत घडलेला मराठी विश्वकोश आज इंटरनेटवर मोफत आहे, त्यातल्या नोंदींखाली लेखकाचे नावही असते. लेखकाचे नाव असलेला आणि निनावी मजकूर यांतला फरक दाखवायला याहून जवळचे उदाहरण कुठले? मनुष्यबळ कमी, हा आक्षेप सर्वांत वजनदार. त्याचे उत्तर रिक्त पदे भरणे हे आहे, विषय टाळणे नव्हे.

नव्या शैक्षणिक धोरणाने श्रेयांकांची मांडणी बदललीच आहे. शिवाजी विद्यापीठाने त्यात या विषयासाठी दोन श्रेयांक राखावेत. प्रकल्पाला गुण देताना विद्यार्थ्याने स्रोत कसे शोधले, कोणते टाकले आणि का, हेही तपासावे. जे तपासले जाते, तेच विद्यार्थी मनावर घेतो.