सबुरीचं बिल कोणाच्या नावावर?

चर्चच्या अधिवेशनाला प्रतिनिधी म्हणून जाऊन आलोय असं सांगितलं की आयटीतल्या मित्रांचे दोन ठरलेले प्रश्न येतात. एक, "मेनोनाइट म्हणजे ते घोडागाडीवाले का रे?" आणि दोन, "पण तिथे तू काय करत होतास?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे. घोडागाडीवाले ते आमिश, त्यांनी १६९३ च्या सुमारास वेगळी चूल मांडली. दुसऱ्याचं उत्तर लांबलचक आहे. वीकांत आहे, हापिसचा फोन बंद आहे, तेव्हा आज जरा सविस्तर भांडून घेतो.

मी नगर जिल्ह्यातला, घर पिढीजात ख्रिस्ती. पुण्यात इंजिनिअरिंग केलं आणि नोकरीने कॅन्ससमधल्या विचिटाला आणून टाकलं. इथे मेनोनाइट भरपूर. १८७४ पासून रशियातून येऊन गव्हाची शेती करत राहिलेली ही माणसं. युद्धात बंदूक धरायची नाही हा त्यांचा जुना हट्ट मला आवडला, चार सुरांत वाद्यांशिवाय गातात ते तर फारच आवडलं, आणि रविवारी जायला लागलो. नवीन माणसाला काम चिकटवायची पद्धत चर्चमध्ये आणि प्रोजेक्टवर सारखीच असते. मे २०२२ मध्ये कॅन्सस सिटीला राष्ट्रीय पातळीवरचं खास अधिवेशन होतं, प्रतिनिधींमध्ये कोणी तरुण हवा होता, माझी रजा शिल्लक होती. झालं.

मुद्दा असा होता. दोन जुन्या संघटना एकत्र येऊन २००१-०२ मध्ये मेनोनाइट चर्च यूएसए तयार झालं. जमवून घेण्याच्या त्या व्यवहारात सदस्यत्वाचे नियम लिहिले गेले आणि त्यात एक कलम बसलं की मान्यताप्राप्त पाळकाने समलिंगी जोडप्याचा विवाहविधी करायचा नाही. २०२२ च्या अधिवेशनापुढे दोन ठराव होते. पहिला, हे नियम रद्द करा. दुसरा, या नियमांनी समलिंगी आणि इतर क्वीअर माणसांना इजा झाली हे कबूल करा, पश्चात्ताप करा आणि वागणं बदला.

आता माझं भांडण कोणाशी ते सांगतो. जे सरळ "बायबलनुसार हे पाप आहे" म्हणतात त्यांच्याशी नाही. ते चूक आहेत असं मला वाटतं, पण त्यांची भूमिका निदान समजते. माझं भांडण आहे "मी तुमच्याच बाजूने आहे, पण आत्ता नको" म्हणणाऱ्यांशी. सबुरीवाल्यांशी. आता शिर्डीच्या जिल्ह्यातला माणूस मी, सबुरी हा शब्द रिक्षांच्या मागच्या काचांवर वाचून वाचून पाठ आहे. पण तिथे भक्ताने स्वतः सबुरी धरायची असते. इथे आत बसलेले लोक दाराबाहेर उभं असलेल्याला सबुरी शिकवतात!

२०१५ चंच बघा. त्या वर्षीचं अधिवेशनही कॅन्सस सिटीलाच होतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देऊन जेमतेम आठवडा होत होता. तिथे दोन ठराव मंजूर झाले. एक म्हणाला, आपल्यात मतभेद आहेत, एकमेकांना सांभाळून घेऊ. दुसरा म्हणाला, नियमांत चार वर्षं बदल विचारातच घेणार नाही. म्हणजे मनाने मोकळे आणि कागदावर बंद. आमच्या धंद्यात असं करणाऱ्या मॅनेजरला आम्ही काय म्हणतो ते इथे लिहिता येत नाही. बग मान्य आहे, तिकीट उघडं आहे, फक्त चार वर्षं त्याला कोणी हात लावायचा नाही!

बरं, या सबुरीने एकी तरी राहिली का? त्याच वर्षी नोव्हेंबरात लँकेस्टर कॉन्फरन्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वांत मोठ्या विभागाने, बाहेर पडायचा निर्णय घेतला. जे जाणार होते ते गेलेच. ज्यांना थांबायला सांगितलं ते मात्र थांबूनच राहिले.

२०२२ मध्ये आम्हाला गटागटाने टेबलांवर बसवलं होतं. चर्चा टेबलावर करायची, मग माईकवर जायचं. पद्धत खरंच छान आहे. चर्चेत एका सद्गृहस्थांनी अगदी मायेने मला विचारलं, "पण तुमच्या भारतातल्या चर्चला काय वाटेल?" झाली ना पंचाईत! अमेरिकन मेनोनाइट मिशनरी १८९९ मध्ये दुष्काळानंतर धमतरीला गेले, तिथली मंडळी आजही आहे, आणि मी धमतरीला आयुष्यात गेलेलो नाही. पण चेहरा सावळा, त्यामुळे अख्ख्या भारतीय चर्चचा होलसेल प्रतिनिधी मीच. मी त्यांना एवढंच सांगितलं की आमच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ ला ३७७ कलमाचे दात काढले, तेव्हा तुमच्या संकोचासाठी आमचं नाव वापरू नका. (लग्नाचा प्रश्न त्याच न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये संसदेकडे टोलवला, पण ते नंतरचं.)

यात एक खरी अडचण आहे हे मान्य. स्थलांतरितांच्या मंडळ्यांमध्ये अनेकांना हे ठराव नको होते, आणि ते मनापासून नको होते. त्यांनी स्वतः उभं राहून "नाही" म्हणावं, मी ऐकेन, भांडेन. पण त्यांच्या खांद्यावरून बंदूक दुसऱ्याने का चालवावी? (शांततावाद्यांना ही उपमा चालेल ना?) आणि ही काळजी जुनी असती तर २०१३ ला दिसली असती. अ‍ॅरिझोनाने २०१० मध्ये स्थलांतरितांविरुद्ध कडक कायदा केला, हिस्पॅनिक मेनोनाइटांनी सांगितलं की फिनिक्सला अधिवेशन घेऊ नका, आमच्या माणसांना तिथे यायची भीती वाटते. तरी अधिवेशन फिनिक्सलाच झालं. कित्येक जण गेलेच नाहीत. तेव्हा ज्यांचं मन मोडणं परवडलं, तेच मन २०२२ मध्ये अचानक फार नाजूक झालं.

"पण श्रद्धेच्या मुळाला हात लागतो" हा दुसरा आक्षेप. मुळाचंच बोलू या. या पंथाचा जन्मच २१ जानेवारी १५२५ ला झुरिकमध्ये प्रौढांच्या बाप्तिस्म्यातून झाला. तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा खरा नाही, या एका मुद्द्यावर फेलिक्स मान्झला १५२७ च्या जानेवारीत लिम्माट नदीत बुडवून मारलं. आणि माझा बाप्तिस्मा झाला तेव्हा मी काही महिन्यांचा होतो! विचिटातल्या मंडळीने मला सदस्य करून घेताना काय केलं? माझी श्रद्धा काय आहे ते विचारलं, ऐकलं, कॉफी दिली. परत पाण्यात घातलं नाही. ज्या मुद्द्यावर पूर्वजांनी जीव दिला तो माझ्यासाठी तासाभरात सैल करता येतो, आणि ज्यासाठी कोणीच जीव दिला नव्हता तो २००१ चा नियम मात्र मूळ?

हेच लोक मुलांना डर्क विलेम्सची गोष्ट सांगतात. १५६९, हॉलंड, तुरुंगातून पळालेला डर्क. पाठलाग करणारा बर्फातून खाली गेला तेव्हा डर्क मागे फिरला, त्याला बाहेर काढलं, आणि त्यापायी पकडला जाऊन जाळला गेला. त्या काठावर कोणी सहमती होईपर्यंत थांबलं नव्हतं.

मतदान झालं. नियम रद्द, ४०४ विरुद्ध ८४. पश्चात्तापाचा ठराव २६७ विरुद्ध २१२. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. नियम पुसायला इतके हात वर, आणि त्या नियमाने कोणाला लागलं हे म्हणायची वेळ आली की शंभराहून जास्त हात खाली. "पश्चात्ताप काय बहुमताने करतात?" असं एकाने विचारलं. प्रश्न चांगला आहे. पण कलम लिहिलं गेलं ते बैठकीतच ना? इजा ठरावाने करायची आणि माफी मात्र ज्याने त्याने आपल्या घरी देवघरात मागायची, हा हिशोब मला जमत नाही. मी दोन्हीला हो दिलं.

डिसेंबरात सुट्टीवर घरी जातोय. आमच्या घरच्या मंडळीतही हा विषय निघावा म्हणून कमिटीतल्या एका काकांना पत्र टाकलं होतं. त्यांचं उत्तर आलं: "विषय नाजूक आहे रे, सावकाश घेऊ." मी उलट विचारलंय, काका, सावकाश म्हणजे नेमकी कोणती तारीख?