मानचिन्ह आणि मान

गुणांची कदर व्हावी ही कोणत्याही कलावंताची रास्त अपेक्षा होय. तिजविषयी कोणी नाक मुरडू नये. परंतु कदर निराळी आणि थाटमाट निराळा. चित्रपटसृष्टीत थाटमाटाने कदरीस मागे सारले आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ज्या मुंबईत ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रगृहात दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला, त्याच मुंबईत धोबीतलावाजवळच्या 'मेट्रो'मध्ये २१ मार्च १९५४ रोजी 'फिल्मफेअर'ची पारितोषिके प्रथम दिली गेली. पारितोषिके अवघी पाच. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान 'दो बिघा जमीन'ला लाभला. त्याच वर्षी दिल्लीत आचार्य अत्रे यांच्या 'श्यामची आई'स राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. दोन्ही ठिकाणी पहिला मान गरिबाघरची कथा सांगणाऱ्या चित्रास मिळाला, हे आजच्या झगमगाटात विसरता कामा नये.

मात्र 'मेट्रो'तील त्या पाचांत लेखक नव्हता, छायालेखक नव्हता आणि पार्श्वगायकही नव्हता. १९५७ साली शंकर-जयकिशन यांना 'चोरी चोरी'च्या संगीताबद्दल पारितोषिक मिळाले, तेव्हा समारंभात गाण्यास लता मंगेशकर यांनी नकार दिला. गायकांसाठी पारितोषिकच नाही, तर गायकाने तेथे का गावे, हा त्यांचा प्रश्न बिनतोड होता. १९५९ साली ते पारितोषिक सुरू झाले आणि पहिले त्यांनाच मिळाले. पुढे नव्यांना वाव मिळावा म्हणून त्यांनी ते घेणेही थांबविले. मान मागावा कसा आणि सोडावा कसा, याचा हा वस्तुपाठ होय.

परळच्या 'राजकमल'मध्ये आणि दादरच्या 'रणजित'मध्ये ज्यांनी दिवे उचलले, पडदे रंगविले, फिती जोडल्या, त्यांच्या वारसांच्या वाट्याला आज काय येते? दूरचित्रवाणीवरील सोहळ्यात नटनट्यांचे नाच तासन्‌तास चालतात. संकलक व ध्वनिलेखक मात्र घाईघाईने उरकले जातात. जाहिरातदारांची सोय पाहणाऱ्या सोहळ्यास करमणूक म्हणावे, गुणगौरव म्हणू नये.

आमची मागणी साधी आहे. परीक्षकांची नावे आधी जाहीर करा, निर्णयाची कारणे नंतर छापा, आणि तंत्रज्ञांस व्यासपीठावर नटांइतकाच वेळ द्या. एवढे ज्यांना जमत नसेल त्यांनी 'सर्वोत्कृष्ट' हा शब्द वापरू नये. आणि सुजाण प्रेक्षकांनीही तो मुकाट्याने मान्य करू नये.