पाहणे आणि उरकणे

इटलीहून परत आल्यापासून मला एकच प्रश्न सारखा विचारला जातो : "किती शहरे पाहिलीस?" काय पाहिलेस, असे कोणी विचारत नाही. आमच्या गल्लीतल्या काकांनी तर हिशेबच मांडला. त्यांच्या सहलीत अकरा दिवसांत सात देश झाले होते आणि माझ्या पाच महिन्यांत अवघा एक! पण काकांना हसण्याचा मला अधिकार नाही. दोन दिवसांत चार शहरे 'करण्याचा' बेत मीही एकदा आखला होता. तो फसला, आणि फसला म्हणूनच आज लिहिण्याजोगे काही माझ्यापाशी उरले आहे.

२०२४ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. एका सत्राच्या शिष्यवृत्तीवर मी बोलोन्याला इतिहास शिकत होतो. आम्ही चौघे मित्र : मी कोल्हापूरचा, एक सांगलीचा, एक नागपूरची आणि एक केरळातला. चौघांच्याही खिशाची अवस्था सारखीच. शनिवारी सकाळी फ्लॉरेन्स, दुपारी पिसा, संध्याकाळी लुक्का, रात्री फ्लॉरेन्सच्या स्वस्त वसतिगृहात मुक्काम आणि रविवारी सिएना, असे वेळापत्रक नागपूरकरणीने मिनिटामिनिटाला आखले होते. बरोबर आईने दिलेली कोल्हापुरी चटणी होती. पाव तिथे घ्यायचा होता.

बोलोन्याहून फ्लॉरेन्सला जाताना आपेनाइन पर्वत आडवा येतो. तो ओलांडायला रेल्वेने आजवर तीन वाटा काढल्या. पहिली १८६४ ची, म्हणजे आपला बोरघाट गाड्यांना खुला झाल्यानंतर एकाच वर्षाने. दुसरी १९३४ ची. तिच्यात साडेअठरा किलोमीटरांचा बोगदा आहे. तिसरी २००९ ची, वेगवान गाड्यांची, आणि ती जवळजवळ सगळीच बोगद्यांतून जाते. या शेवटच्या वाटेने फ्लॉरेन्स चाळीस मिनिटांच्या आत येते. मात्र तेवढ्या वेळात खिडकीत स्वतःच्या चेहऱ्याशिवाय फारसे काही दिसत नाही. आम्ही दुसऱ्या वाटेची, प्रातोला बदलावी लागणारी साधी गाडी घेतली. त्यामागे कसलेही तत्त्वज्ञान नव्हते. तिचे तिकीट सुमारे दहा युरो होते, एवढेच कारण. पण बोगदा येईपर्यंत नदीचे खोरे, लहान लहान स्टेशने, दप्तरे घेऊन चढउतार करणारी शाळेची मुले दिसत राहिली, आणि दोन शहरांच्या मध्ये एक देश असतो हे कळले.

दुसरीही एक गोष्ट कळली. साध्या गाडीचे कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात घालून त्यावर तारीखवेळेचा शिक्का मारून घ्यावा लागतो. आम्ही तो मारला नव्हता. चूक सर्वस्वी आमची. तपासनिसाने शांतपणे चार पावत्या फाडल्या आणि पिसा, लुक्का, सिएना ही तिन्ही शहरे त्या पावत्यांत गेली.

फ्लॉरेन्सच्या स्टेशनावर आमचे चांगलेच भांडण झाले. "आहे त्या गावातच दोन दिवस राहू," असे मी म्हणताच नागपूरकरीण उसळली : "तुला शिष्यवृत्ती आहे रे. माझ्या बाबांनी कर्ज काढलंय. मी पुन्हा कधी येणार इथे? पिसाचा मनोरा न बघता गेले तर आईला काय सांगू?" या प्रश्नाला माझ्याजवळ तेव्हा उत्तर नव्हते. आज हा लेख लिहितो आहे तो त्या उत्तरासाठीच.

पैसे नव्हते, म्हणून चालत राहिलो. तिथल्या चौकात चेल्लिनीचा पर्सियस कमानींखाली उघड्यावर उभा आहे. पाहायला तिकीट लागत नाही. त्याच्या समोरच्या पायरीवर बसून जेवण काढले, तर पोलिसाने हाताने खूण करून उठवले. मग नदीकाठी जाऊन जेवलो. तोस्कानाच्या पावात मीठ नसते. आमच्या चटणीत ते दोघांपुरते होते, त्यामुळे जेवण झकास जमले.

जुन्या गल्ल्यांतून हिंडताना भिंतींवर डोक्याच्याही वर लहान पाट्या दिसू लागल्या. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नो नदीचे पाणी इथवर आले होते, असे सांगणाऱ्या. त्या पुरात राष्ट्रीय ग्रंथालयातली लाखो पुस्तके चिखलात गेली आणि ती बाहेर काढायला गावोगावचे, देशोदेशीचे विद्यार्थी धावून आले. रांगा करून हातोहात त्यांनी पुस्तके वर दिली. 'चिखलातले देवदूत' असे नाव लोकांनी त्यांना दिले. मला आमचे घर आठवले. २०१९ च्या महापुराची रेघ आमच्याही भिंतीवर उमटली होती. दिवाळीला रंग देताना आम्ही ती पुसून टाकली.

दुसरा दिवस महिन्याचा पहिला रविवार होता. त्या दिवशी तिथल्या सरकारी संग्रहालयांना प्रवेश फुकट असतो. नागपूरकरीण आणि केरळचा मित्र उफीत्सी संग्रहालयाच्या लांबलचक रांगेत उभे राहिले. मी आणि सांगलीकर कंटाळून नदीच्या काठाने चालू लागलो. पुढे कास्चिने नावाचे उद्यान लागते. ते साडेतीन किलोमीटर लांब आहे. नकाशावर त्याच्या अगदी टोकाला 'इंडियानो' असे लिहिले होते. कोलंबसाच्या 'इंडियन'चे काहीतरी असेल, असे म्हणत आम्ही निघालो.

टोकाला एक छत्री होती. आपल्याकडे असते तशी, घुमटाची. आत रंगवलेला अर्धपुतळा, डोक्यावर पागोटे, आणि खाली नाव : कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज.

आम्ही दोघे किती वेळ गप्प होतो, सांगता येत नाही. वीस वर्षांचा हा राजा १८७० साली विलायतेला गेला होता. परतीच्या वाटेवर, ३० नोव्हेंबरला, तेव्हा इटलीची राजधानी असलेल्या याच फ्लॉरेन्समध्ये तो वारला. तिथे प्रेत जाळण्याची चाल नव्हती. खास परवानगी काढून आर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर अग्नी दिला गेला. १८७४ साली हे स्मारक उभे राहिले. फुलर या इंग्रज शिल्पकाराने पुतळा घडवला, आणि छत्रीचा आराखडा मेजर मँटचा. शेजारच्या मोठ्या पुलालाही लोक 'इंडियानोचा पूल' म्हणतात. हे सारे मी परत गेल्यावर रात्री वाचून काढले. कोल्हापुरात इतिहासाचा विद्यार्थी म्हणून तीन वर्षे काढली. नव्या राजवाड्यासमोरून रोज सायकल मारली. तो राजवाडाही मँटनेच आखला, हे मला सात समुद्रांपलीकडे कळावे!

संध्याकाळी गाडीत नागपूरकरीण बोत्तिचेल्लीच्या एकाच चित्राबद्दल अर्धा तास बोलत होती. दोन तास ती त्याच्यापुढे उभी होती. पिसाचे नाव तिने काढले नाही. पुढे एप्रिलमध्ये ती एकटी जाऊन मनोरा पाहून आली. त्यातही मला काही गैर वाटत नाही.

"पुन्हा कधी येणार?" हा प्रश्न खोटा नाही. गरिबाच्या प्रवासात तो बरोबरच असतो. पण माझे उत्तर असे : पुन्हा येणे नाही, म्हणूनच थोडे पाहावे. जे उरकले ते दोनदा गेले तरी पाहिलेले नसते. चार शहरांच्या चार छायाचित्रांनी माझा बेत पुरा झाला असता आणि आमच्याच राजाच्या छत्रीपासून तासाभराच्या चालीवरून मी परतलो असतो.

आपल्या महाविद्यालयाची सहल दरवर्षी दोन दिवसांत सहा ठिकाणे करते. बसमधून उतरायचे, गटाने फोटो काढायचा आणि शिट्टी वाजली की चढायचे. सहलप्रमुख सरांना माझी नम्र विनंती आहे. यंदा एकच गाव ठेवावे, एसटीने किंवा पॅसेंजरने जावे आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ मुलांना मोकळी सोडावी. काही जण झोपतील. काही जण गावाच्या टोकापर्यंत चालत जातील.