अर्धी शक्ती, अखंड नेम

नव्या वर्षाच्या आरंभी, अगर डॉक्टरांनी रक्तातील साखरेचा आकडा दाखवून भय घातल्यावर, व्यायामाचा संकल्प सोडणारी मंडळी बहुतेक प्रत्येक घरात असतात. संकल्प 'सोडणे' हा आपल्या भाषेतील प्रयोग मोठा मार्मिक आहे. देवघरात हातावर उदक घेऊन संकल्प सोडला म्हणजे कार्यास आरंभ होतो. व्यायामाच्या बाबतीत मात्र तो पंधरवड्याच्या आत खरोखरच सोडला जातो. नवे बूट कोनाड्यात पडतात, जिमची वर्गणी बुडते, आणि 'आमच्याने नेम होत नाही' असे म्हणून मनुष्य आपलीच समजूत घालतो.

असे का व्हावे? आमच्या मते दोष इच्छाशक्तीचा जितका, त्याहून अधिक हेतूचा असतो. व्यायामासाठी व्यायाम करणारा मनुष्य विरळा. पोट कमी दिसावे, छायाचित्रात तरुण भासावे, हे हेतू थोडे दिवस चालतात. कारण आरसा लवकर प्रसन्न होत नाही. ज्यास देहाकडून काही काम करून घ्यावयाचे आहे, तोच देहाची निगा जन्मभर राखतो.

ह्याचे ठळक उदाहरण महर्षी धोंडो केशव कर्वे ह्यांचे. त्यांचा जन्म १८५८ चा, देहावसान १९६२ चे. म्हणजे एकशे चार वर्षांचे आयुष्य. ते कोणी नामांकित पहिलवान नव्हते. परंतु कोकणातील मुरुडचा हा मुलगा परीक्षेस बसण्यासाठी घाट चढून पायी साताऱ्यास गेला, आणि वयाने लहान दिसतो म्हणून परीक्षेस न बसताच परत फिरला. पुढे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवीत असता, तेथील काम आटोपल्यावर हिंगण्याच्या आश्रमापर्यंतची वाट ते पायीच तुडवीत. हा व्यायाम त्यांनी आरोग्यासाठी आरंभिला नव्हता. वाटेच्या शेवटी विधवा मुली शिकत होत्या, म्हणून पाय चालत होते. परंतु त्या चालण्याने जो देह घडला, त्याचा उपयोग पाहा. १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापिले तेव्हा वय ५८. १९२९ साली त्याच कार्यासाठी परदेशच्या प्रवासास निघाले तेव्हा वय सत्तरीपलीकडचे. १९३६ साली खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले तेव्हा ७८. आणि १९४४ साली समता संघ स्थापिला तेव्हा ८६. ज्या वयात सामान्य मनुष्य निवृत्तिवेतनाचे हिशेब करतो, त्या वयात हा गृहस्थ नवी कामे अंगावर घेत होता. दीर्घायुष्य हे काही अंशी दैवाचे देणे आहे, हे आम्हास मान्य आहे. तथापि दैवाने दिलेली वर्षे अंथरुणात घालवावयाची की उपयोगात आणावयाची, ह्यात आपल्या सवयीचा वाटा मोठा असतो.

दुसरे उदाहरण नेमाचे. औंधचे अधिपती भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) ह्यांनी प्रथम सँडोच्या पद्धतीचा व्यायाम पुष्कळ वर्षे केला, व पुढे ते सूर्यनमस्काराकडे वळले. संस्थानातील शाळांत त्यांनी नमस्कार सुरू केले, त्यावर पुस्तके लिहिली, आणि १९३८ साली 'द टेन-पॉइंट वे टु हेल्थ' ह्या नावाने त्यांचे इंग्रजी पुस्तक लंडनला निघाले. चित्रकला, कीर्तन आणि राज्यकारभार सांभाळून हा नेम त्यांनी उतारवयापर्यंत चालविला. त्यांच्याच आश्रयाने औंधास वेदांचे काम करणारे पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर, जे विसाव्या शतकाच्या आरंभी चित्रकार म्हणून आमच्या जुन्या हैदराबाद संस्थानाच्या राजधानीत राहत, तेही आसने व नमस्कार ह्यांचे पुरस्कर्ते. त्यांचा अंत १९६८ साली, वयाच्या एकशे एकाव्या वर्षी झाला. नमस्कारास जागा लागते सतरंजीएवढी, खर्च काहीच नाही, आणि वेळ सूर्याने ठरवून दिलेली. नेम टिकण्यास ही तीन कारणे पुरेशी आहेत. ज्या व्यायामास सामान, सोबती व मुहूर्त ह्यांची वाट पाहावी लागते, तो पहिल्या पावसातच बुडतो.

आता प्रमाणाविषयी. उत्साही मनुष्य पहिल्या दिवशी पन्नास नमस्कार घालतो, दुसऱ्या दिवशी त्याचे पाय भरून येतात, आणि तिसऱ्या दिवशी तो व्यायामाचा वैरी होतो. आपले वैद्यक ह्या बाबतीत फार शहाणे आहे. वाग्भट सांगतो की बलवान मनुष्यानेही व्यायाम अर्ध्या शक्तीनेच करावा, तोही थंडीत व वसंतात. इतर ऋतूंत त्याहून कमी. अर्धी शक्ती झाली हे ओळखावे कसे, तेही सुश्रुताने सांगितले आहे : श्वास तोंडाने चालू लागला की थांबावे. कुमारसंभवाच्या पाचव्या सर्गात बटुवेषाने आलेला शंकर तपस्विनी पार्वतीस शरीर हे धर्माचे पहिले साधन असल्याचे सांगतो, हे सर्वांस मुखोद्गत आहे. पण त्याच श्लोकात तो आधी, तुझे तप शक्तीच्या बेताने चालले आहे ना, असे विचारतो, ते फार थोड्यांच्या ध्यानात राहते.

येथे एक आक्षेप येईल. वाग्भटानेच वृद्धास व्यायाम वर्ज्य सांगितला आहे, मग साठीच्या पुढे हा खटाटोप कशाला? ह्यास उत्तर असे की, तेथे व्यायाम म्हणजे देहास आयास पाडणारे कर्म. देहास फारशी पीडा न देणारे चालणे, ज्यास सुश्रुत चंक्रमण म्हणतो, त्याची तर त्याने आयुष्य, बल, बुद्धी व जठराग्नी वाढविणारे म्हणून स्तुती केली आहे. आजचे शास्त्र ह्याच्याही पुढे जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनात, पासष्टीनंतरही आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल, किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम, आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा अभ्यास सांगितला आहे. तोलावर हा भर देण्याचे कारण स्पष्ट आहे : म्हातारपणी न्हाणीघरात एकदा पाय घसरून खुब्याचे हाड मोडले, तर पुष्कळांचे चालणे-फिरणे तेथेच संपते. ज्यांस हृदयाचा वा रक्तदाबाचा विकार आहे, त्यांनी अर्थातच आधी डॉक्टरांस विचारावे.

आणि चालणे संपले म्हणजे काय होते? ह्या प्रश्नाचे उत्तर एकत्र कुटुंबात राहणाऱ्यांनी प्रामाणिकपणे दिले पाहिजे. वडीलधारा मनुष्य अंथरुणास खिळला की त्याची सेवा 'घर' करते असे आपण म्हणतो. वस्तुतः ती बहुतेक वेळा एक सून करते. तिची नोकरी, तिची झोप, तिच्या पाठीचा कणा ह्यांतून ती सेवा वसूल होते. आजार कोणास चुकला नाही, व सेवा हा धर्मच आहे. परंतु जो आजार आपल्या आळसाने ओढवला, त्याचा भार दुसऱ्याच्या खांद्यावर टाकण्याचा अधिकार वडीलपणाने मिळत नाही. म्हणून रोजचे अर्ध्या तासाचे चालणे हे आम्ही वृद्धाचे आरोग्य म्हणून सांगत नाही, तर घराचे ऋण म्हणून सांगतो.

त्याहून नाजूक गोष्ट अशी की, आपल्या घरांत व्यायामाचा नेम पुरुषांनी करावा आणि त्यांचा चहा स्त्रियांनी ठेवावा, अशी वाटणी अद्याप आहे. 'दिवसभराच्या कामाने त्यांचा व्यायाम आपोआप होतो' हे वाक्य आम्ही भोकरात ऐकतो, तसे पुण्यातही ऐकू येत असेल. घरकाम हे श्रम आहेत ह्यात शंका नाही, व ते हालचालीत धरलेच पाहिजेत. पण ओट्याशी तासन्‌तास उभे राहण्याने टाचा दुखतात, स्नायूंना बळ येत नाही. आणि ऋतुनिवृत्तीनंतर स्त्रियांची हाडे झपाट्याने विरळ होऊ लागतात, तेव्हा ह्याच बळाची गरज सर्वांत अधिक असते. ज्या महर्षींचे नाव आपण अभिमानाने घेतो, त्यांची ती सारी पायपीट कोणासाठी होती, हे तरी आठवावे.

तर मग करावे काय? योगसूत्रकारांनी अभ्यास दृढ होण्यास तीन अटी घातल्या आहेत : दीर्घ काळ, अखंडपणा आणि आदर. पहिल्या दोन सर्वांस ठाऊक असतात. तिसरीकडे दुर्लक्ष होते. ज्या गोष्टीचा घरात आदर नाही ती टिकत नाही. मुलाच्या अभ्यासाच्या वेळी आपण दूरचित्रवाणी बंद करतो, तसाच मान सुनेच्या फिरण्याच्या अर्ध्या तासास द्यावा. मराठवाड्यातील चैत्र-वैशाखात ऊन चढण्यापूर्वीच बाहेर पडणे प्राप्त आहे. त्या वेळी सकाळचे दूध तापविण्याचे काम घरातील पुरुषांनी पत्करले, तर त्यांच्या मर्दुमकीस काही उणेपणा येणार नाही.

आणि प्रत्येकाने आपल्या देहास एखादे काम नेमून द्यावे. कोणास नातवास पोहणे शिकवावयाचे असेल, कोणास आषाढीस पंढरपूरची वाट चालावयाची असेल, कोणास केवळ आपले पाणी आपण उचलून आणावयाचे असेल. काम लहान असले तरी चालेल, परंतु ते ठरलेले असावे. काम ठरले की पाय आपोआप चपला शोधू लागतात.