मृग लागला, पण मृग कोठे?

जूनच्या सात-आठ तारखेस सूर्य मृग नक्षत्रात प्रवेश करतो, आणि आमच्या माकणीस त्या दिवसापासून ज्याच्या त्याच्या तोंडी ‘मिरग निघाला’ हेच शब्द ऐकू येतात. कुळवणी आटोपलेली असते, बियाणे घरात येऊन पडलेले असते आणि सर्वांचे डोळे ढगांकडे लागलेले असतात. अशा वेळी घरातील एखादे चौकस मूल आजोबांस विचारते, “मृग लागला म्हणता, तर तो मला दाखवा की.” आजोबा त्यास घेऊन माळवदावर जातात. दैवयोगाने त्या रात्री आभाळ निवळलेले असले, तरी मृग काही सापडत नाही. व्याध नाही, आणि तो तीन तारांचा बाणही नाही. मग एक तर आजोबांस आकाश कळत नाही, नाही तर पंचांग खोटे आहे, असे दोनच तर्क त्या मुलापाशी उरतात. हल्लीची मुले दुसरा तर्क फार लवकर पत्करतात. वास्तविक आजोबाही खरे आणि पंचांगही खरे. चूक आहे ती शोधण्याच्या वेळेत.

मृग लागला असे आपण ज्या दिवसांत म्हणतो, नेमक्या त्याच दिवसांत मृग दिसणे अशक्य असते. पावसाची नक्षत्रे ही सूर्याची नक्षत्रे होत. सत्तावीस नक्षत्रांची प्रदक्षिणा सूर्य एका वर्षात पुरी करतो, म्हणजे एकेका नक्षत्रात तो तेरा-चौदा दिवस असतो. तो मृगात आला ह्याचा अर्थ असा की, आपल्याकडून पाहता सूर्य आणि मृगाच्या तारा एकाच बाजूस आल्या. त्या तारा सूर्याबरोबर उगवतात, दिवसभर आकाशात असतात आणि सूर्याबरोबरच मावळतात. देवघरात समईच्या ज्योतीला लागून काजवा बसला, तर तो कोणाच्या दृष्टीस पडेल? आर्द्रा, पुष्य, मघा, हस्त ह्या सर्वांची गोष्ट हीच. हत्तीचा पाऊस कोसळत असतो, त्या वेळी हस्ताची पाच बोटे सूर्याच्या तेजात बुडालेली असतात.

(ह्या नक्षत्रांबरोबर कोल्हा, बेडूक, उंदीर, म्हैस अशी वाहने छापलेली असतात. ती एका भागाकाराच्या बाकीवरून काढतात. गणित म्हणून ते ठीक आहे. त्याहून अधिक विश्वास त्यावर टाकू नये, असे माझे मत आहे.)

आता मौज पाहा. त्याच पंचांगाच्या त्याच पानावर मथळ्यास ‘ज्येष्ठ मास’ असे बहुधा लिहिलेले असते. महिन्यास हे नाव पौर्णिमेच्या चंद्रावरून मिळाले. पौर्णिमेस चंद्र सूर्याच्या अगदी समोर असतो. म्हणून तो ज्या नक्षत्रापाशी असेल ते नक्षत्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवते आणि रात्रभर दिसते. ज्येष्ठी पौर्णिमेस तो ज्येष्ठा नक्षत्रात किंवा त्याच्या शेजारी असतो. तेव्हा मथळ्यावरचे नाव रात्री जे दिसते त्याचे आहे, आणि खालचे पर्जन्यनक्षत्र दिवसाच्या उजेडात जे लपले आहे त्याचे आहे. दोन्ही नावे खरी. आपल्या पूर्वजांनी एकाच पानावर आकाशाच्या दोन्ही बाजू लिहून ठेवल्या, आणि आपण मात्र एका बाजूचे नाव घेऊन दुसऱ्या बाजूस शोधीत बसतो.

म्हणून ह्या महिन्यात आभाळ उघडले, तर मुलांस मृग दाखविण्याचा आग्रह धरू नये, वृश्चिक दाखवावा. रात्री नऊ-साडेनऊस आग्नेयेकडे पाहावे. तांबूस रंगाची ठळक तारा ती ज्येष्ठा. तिच्या वरच्या अंगास अनुराधेच्या तारा ओळीने आहेत, आणि खाली वळसा घेत गेलेली शेपटी, तिच्या टोकास नांगीचा आकडा, ते मूळ. सर्व नक्षत्रांत इतकी स्पष्ट आकृती दुसरी क्वचितच असेल. चंद्र दर महिन्यास एखादा दिवस ह्या मुळातून जातो. त्या दिवशी जन्मलेल्या मुलीच्या सोयरिकीस आजही सुशिक्षित घरांतून नाके मुरडली जातात. तसे बोलणाऱ्यांपैकी किती जणांनी मूळ डोळ्यांनी पाहिले आहे, ह्याची मला शंका आहे.

ह्याच सुमारास, जूनच्या मध्यास रात्री नऊ वाजता, सप्तर्षी वायव्येस कललेले असतात. त्यांच्या शेपटाची, म्हणजे वसिष्ठ-मरीचींची, कमान तशीच पुढे वाढवीत न्यावी. ती एका केशरी, तेजस्वी तारेवर जाऊन पोहोचते. ती स्वाती. आणि त्या वेळी मान जितकी मागे नेता येईल तितकी न्यावी लागते, कारण स्वाती आपल्या थेट माथ्यावर असते. आमची माकणी विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १८ अंशांवर आहे आणि स्वातीची क्रांती सुमारे १९ अंश; म्हणून ती आमच्या गावच्या माथ्यापासून जेमतेम एका अंशाने बाजूस जाते. रोहिणीही अशीच, दक्षिणेकडे दीड अंश सोडून. घराच्या आढ्यावरून जाणाऱ्या ह्या दोन तारा घरातील लहानथोरांस ठाऊक नसाव्यात, हे मला फार चमत्कारिक वाटते.

विलायतेत छापलेली तारकांची पुस्तके येथे जशीच्या तशी चालत नाहीत, ती ह्याच कारणाने. लंडनमध्ये ध्रुव आकाशाच्या अर्ध्याहून अधिक उंचीवर असतो आणि सप्तर्षी कधीच मावळत नाहीत. येथे ध्रुव केवळ १८ अंश वर. हात लांब करून मूठ धरली तर ती सुमारे दहा अंश झाकते, म्हणजे दोन मुठींहूनही थोडा खाली. सप्तर्षी येथे रोज मावळतात. उलट तेथील मनुष्यास आयुष्यात कधी न दिसणारा अगस्त्य आपल्यास महिनोन् महिने दिसतो, आणि मेच्या मध्यास रात्री साडेनऊच्या सुमारास दक्षिण क्षितिजालगत त्रिशंकूही दिसतो. निम्न तेरणा धरणाच्या काठावर उभे राहिले म्हणजे क्षितिज मोकळे मिळते. गावात विजेच्या दिव्यांमुळे ते आता उरले नाही.

आपल्या आकाशाविषयी आपल्या भाषेत लिहिण्याचे काम शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी एकोणिसाव्या शतकातच करून ठेवले आहे. हे गृहस्थ मॅट्रिक झालेले शाळामास्तर होते, आणि आमच्या भागापासून फारशा दूर नसलेल्या बार्शीच्या शाळेतही त्यांनी नोकरी केली. वेधशाळा नाही, दुर्बिणीचा थाट नाही. त्यांच्या ‘ज्योतिर्विलास’ ह्या पुस्तकाचे दुसरे नाव ‘रात्रीची दोन घटका मौज’ असे आहे. १८९६ साली त्यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास’ प्रसिद्ध झाला आणि १८९८ साली ते वारले, तेव्हा त्यांचे वय पंचेचाळिशीच्या आसपास होते. घरी ग्रंथसंग्रह असेल, तर ही दोन पुस्तके त्यात असावीत.

मग मृग पाहावा तरी केव्हा? ह्याचे उत्तर महिन्याच्या नावातच आहे. मार्गशीर्ष पौर्णिमेस सूर्य मावळतो आणि मृग पूर्वेस वर येतो. चार पायांचा चौकोन, पोटात तीन तारांचा बाण. बाणाची रेघ आग्नेयेकडे वाढविली की व्याध, वायव्येकडे वाढविली की रोहिणी आणि त्यापुढे कृत्तिकांचा पुंजका. प्रजापती, रोहिणी आणि बाण मारणारा रुद्र ह्यांची कथा ऐतरेय ब्राह्मणात आहे. ती मुलांस कितपत सांगावयाची, हे घरातील वडीलधाऱ्यांनी ठरवावे. मृग दक्षिणेकडे पुरता वर आला म्हणजे व्याधाच्या बराच खाली, क्षितिजापासून जवळजवळ दोन मुठींवर अगस्त्य असतो. सबंध आकाशात व्याधाखालोखाल तेजस्वी तारा तोच. तो ऑगस्टच्या उत्तरार्धात पहाटे प्रथम दिसू लागतो आणि पाणी निवळते, असा आपला जुना संकेत. कालिदासानेही रघुवंशाच्या चौथ्या सर्गात तो योजला आहे.

ज्यांस मार्गशीर्षापर्यंत धीर नाही, त्यांनी भाद्रपदात पहाटे चारला उठावे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे चारच्या सुमारास, किल्लारीच्या भूकंपाने आमचा हा सारा टापू हादरला. त्या क्षणी रोहिणी जवळजवळ माथ्यावर होती आणि मृग आग्नेयेस चांगला वर आलेला होता. गणिताने हे आज सांगता येते. त्या पहाटे वर पाहण्यास कोणाचे मन जागेवर होते!

आता पेरणीविषयी. ‘मृग लागला, पेरा’ ह्या म्हणण्यात तारखेपुरते तथ्य आहे, कारण मोसमी पाऊस आपल्याकडे साधारणतः जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो. परंतु नक्षत्र पाऊस आणीत नाही. पुरेशी ओल होण्यापूर्वी केवळ मृगाच्या भरवशावर बी मातीत टाकून दुबार पेरणीचे संकट ओढवून घेतलेली घरे ह्या भागात कमी नाहीत. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावाचून पेरू नये, असा कृषितज्ज्ञांचा सल्ला आहे, आणि तो पंचांगाच्या विरुद्ध मुळीच नाही. पंचांग सूर्य कोठे आहे एवढेच सांगते.

शिवाय हा मेळही कायमचा नव्हे. ऋतू संपातावर अवलंबून, आणि संपात तारांमधून मागे सरकतो; सुमारे ७२ वर्षांत एक अंश. संपात पूर्वी मृगशीर्षात होता, ह्या आधारावर लोकमान्य टिळकांनी १८९३ साली ‘ओरायन’ ग्रंथात वेदांचा काळ ठरविण्याचा यत्न केला. सर्व विद्वानांनी तो काळ मान्य केला नाही, तरी संपात सरकतो ह्याविषयी वाद नाही. त्या हिशेबाने दीड हजार वर्षांपूर्वी सूर्य मृगात येई तो आजच्यापेक्षा सुमारे २१ दिवस आधी, म्हणजे मेच्या तिसऱ्या आठवड्यात, कडक उन्हाळ्यात. पावसाच्या तोंडाशी तेव्हा आर्द्रा असे. आणखी दीड हजार वर्षांनी मृग जूनच्या अखेरीस लागेल, आणि माकणीचा शेतकरी तेव्हाही पंचांग पाहत असला, तर पावसासाठी तो मृगाची नव्हे, कृत्तिकांची वाट पाहील.